अफूजन्य की अफूसदृश?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आशाताईंचा प्रश्न : किशोरींच्या बैठकीसाठी केलेल्या तक्त्यावर 'शरीरातील अफूजन्य पेप्टाइडे संप्रेरके थांबवतात' असं लिहिलं आहे, ते बरोबर आहे का?

'अफूजन्य' खोडा. अफूच्या बोंडाच्या चिकातून निघतं ते अफूजन्य, म्हणजे मॉर्फिन, कोडीन. एंडॉर्फिन, एन्केफलिन, डायनॉर्फिन ही पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, आपल्याच पेशी बनवतात. बोंडाशी त्यांचं नातं नाही. मॉर्फिन पेशींवरच्या ज्या ग्राहींवर (रसायनं बसण्याच्या जागांवर) बसतं त्यांवरच तीही बसतात, एवढंच. म्हणून 'अफूसदृश'. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी १९७५ साली डुकराच्या मेंदूतून ओळखलेलं एन्केफलिन जेमतेम ५ अमिनो आम्लांचं, बीटा-एंडॉर्फिन ३१ चं. बैठकीत 'अंगातलं अफीम' म्हणायचा मोह होईल, तो आवरा. अफीम अंगाला लागतंच, असा भलता अर्थ कोणीतरी घरी घेऊन जाईल.

खरा घोळ 'थांबवतात'मध्ये आहे. पाळीची सूत्रं हलवणारं जीएनआरएच हे संप्रेरक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सलग नाही, झटक्याझटक्यानं सुटतं. त्यामागोमाग मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच, म्हणजे बीजकोशाला चालना देणारं संप्रेरक, तेही तसंच. अफूसदृश पेप्टाइडं इथं कासरा ओढतात : बैल थांबत नाही, चाल मंदावते. पाळीच्या उत्तरार्धात, प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढलेलं असताना, हा कासरा जास्त ताणलेला असतो. त्या दिवसांत या ग्राही अडवणारं नॅलोक्सोन हे औषध दिलं, की एलएचचे झटके लवकर लवकर येऊ लागतात. उलट दुखण्यावरच्या अफू गटातल्या गोळ्या महिनोन्महिने चालल्या, तर बाईची पाळी चुकते नि पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकालाही असाच आवर असतो.

प्रोलॅक्टिनचं, म्हणजे अंगावरचं दूध तयार करवणाऱ्या संप्रेरकाचं, मात्र उलटं. त्याला एरवी डोपामिन हे मेंदूतलं रसायन दाबून ठेवतं. अफूसदृश पेप्टाइडं डोपामिनलाच दाबतात, म्हणून प्रोलॅक्टिन वाढतं. मग 'थांबवतात' कसं चालेल?

तक्त्यावर असं घ्या : 'शरीरातील अफूसदृश पेप्टाइडे काही संप्रेरकांच्या स्रावाला आवर घालतात, तर काहींचा स्राव वाढवतात.' कंसात एलएच आणि प्रोलॅक्टिन ही दोन नावं पुरेत. एंडॉर्फिनला 'आनंदाचं संप्रेरक' हे बिरुदही नको. रक्तातलं बीटा-एंडॉर्फिन मेंदूत फारसं शिरतच नाही.

आणि 'स्राव' लिहा, 'स्त्राव' नको. धातू 'स्रु' आहे, त्यात 'त' नाही.