'एकमेवाद्वितीय' ही पुनरुक्ती आहे का?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: महाद्वार रोडवरच्या एका फलकावर 'एकमेवाद्वितीय' असं लिहिलंय. 'एकमेव' म्हटल्यावर 'अद्वितीय' कशाला? शब्द उपनिषदातला म्हणतात, मग ती पुनरुक्ती तिथेही आहे का?

तिथे नाही. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतात, 'सदेव सोम्येदमग्र आसीदेकमेवाद्वितीयम्'. म्हणजे बाळा, आरंभी हे सगळं सत् च, म्हणजे निव्वळ अस्तित्वच होतं, एकच, दुसरं नसलेलं. फोड एकम् + एव + अद्वितीयम्. वरवर तिन्ही पदं तेच सांगतात, पण विद्यारण्यांनी 'पंचदशी' या आपल्या वेदान्तग्रंथात तिघांना वेगळी कामं दिली आहेत. झाड घ्या. पानं-फुलं-फळं हा त्याचा स्वगत भेद, दुसरं झाड हा सजातीय, दगड हा विजातीय. सत् च्या बाबतीत 'एकम्'ने पहिला भेद नाकारला, 'एव'ने दुसरा, 'अद्वितीयम्'ने तिसरा. एक पद गाळलं की एक शंका मोकळी राहते.

खरी आवृत्ती त्याच अध्यायात पुढे आहे: 'तत्त्वमसि' (ते तू आहेस) नऊ वेळा. मीमांसेच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राच्या, परिभाषेत हा 'अभ्यास'. तो दोष नव्हे, तात्पर्य ओळखायची खूण.

त्या वाक्यातलं 'अग्रे' (आरंभी) मात्र शब्दशः घेतलात की अडलात. दुसरं काहीच नव्हतं, तर 'आधी' म्हणायला काळ कुठून आला? पंचदशीचं उत्तर असं की शिष्याच्या मनात काळाचा संस्कार आहे, म्हणून त्याच्याशी त्या भाषेत बोललं आहे. सृष्टीच्या क्रमाचंही तेच. छांदोग्यात तेज, आप (पाणी), अन्न. तैत्तिरीय उपनिषदात आकाश, वायू, अग्नी, आप, पृथ्वी. सृष्टिवाक्यांचं तात्पर्य सृष्टीच्या तपशिलात नसून ब्रह्म समजावण्यात आहे, हे शंकराचार्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आता मराठी. इथे ते तीन भेद उरलेले नाहीत. 'एकमेव' संख्या सांगतो, 'एकमेवाद्वितीय' तुलना नाकारतो. 'गल्लीतली एकमेव गिरणी' बरोबर. 'खासबाग मैदान एकमेवाद्वितीय आहे' हेही बरोबर, कारण तिथे मैदानं मोजायची नसून गौरव करायचा आहे. नुसती संख्या सांगायची असताना लांब शब्द वापरला की तो पोकळ वाटतो. लिहिताना 'ती' दीर्घ, 'अद्वितिय' चूक. आणि निव्वळ पुनरुक्ती पाहायची तर 'एकमेवच' पाहा: 'एव' म्हणजेच 'च'. 'एकच' किंवा 'एकमेव', दोहोंपैकी एक लिहावं.