दोन इंजिनं जोडली की ओढाताण, सोडली की एक गप्प: डीसीसी कन्सिस्टचं काय बिघडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मॉडेल रेल्वेची एचओ (१:८७) मापाची दोन डिझेल इंजिनं, डीसीसीवर, म्हणजे रुळांतून जाणाऱ्या डिजिटल आदेशांवर चालणारी; अ‍ॅड्रेस ४०१२ आणि ४०२५, आत वेगवेगळ्या कंपन्यांचे साउंड डिकोडर (आदेश ऐकून मोटर, दिवे, आवाज चालवणारी चकती), हातात एनसीईचं पॉवर कॅब हे कंट्रोलर. कन्सिस्ट केली, म्हणजे दोन्ही एका नॉबवर चालतील अशी जोडी केली, की पुढचं इंजिन ओढतं, मागचं घसरतं किंवा ढकलतं, मधले हेडलाइट विझत नाहीत. कन्सिस्ट तोडल्यावर ४०२५ हललंच नाही, हॉर्न मात्र वाजतो.

शेवटच्या वाक्यातच निदान आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

हॉर्न वाजतो याचा अर्थ रूळ, चाकं, डिकोडर आणि अ‍ॅड्रेस सगळं ठीक आहे. मोटर ऐकत नाही, कारण डिकोडरला अजून आपण जोडीत आहोत असंच वाटतंय. अ‍ॅडव्हान्स्ड कन्सिस्ट या प्रकारात जोडीचा नंबर प्रत्येक डिकोडरच्या सीव्ही १९ मध्ये लिहिला जातो (सीव्ही म्हणजे डिकोडरमधलं क्रमांक दिलेलं सेटिंग). तिथे शून्याशिवाय काहीही असेल तर डिकोडर स्वतःच्या अ‍ॅड्रेसवर आलेले वेगाचे आणि दिशेचे आदेश कानाआड करतो, फंक्शनचे आदेश मात्र पाळतो. दिवे-भोंगा चालू आणि चाकं ठप्प, असं दिसलं की मोटर उघडायला जाऊ नका, सीव्ही १९ बघा.

ही गडबड होते कशी? कन्सिस्टची नोंद दोन ठिकाणी असते: आदेश पाठवणाऱ्या कमांड स्टेशनच्या (इथे पॉवर कॅबच्या) स्मृतीत आणि डिकोडरमध्ये. तुम्ही कन्सिस्ट तोडली तेव्हा ४०२५ रुळावर नसेल, किंवा सांध्यातल्या फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या वीज नसलेल्या तुकड्यावर उभं असेल, तर स्टेशनने आपली वही पुसली, पण ‘सीव्ही १९ शून्य कर’ हा निरोप इंजिनापर्यंत पोचलाच नाही. उलटंही होतं: डिकोडर रीसेट केला, पण स्टेशनची वही तशीच राहिली. मग इंजिन मोकळं असूनही स्टेशन जोडीच्या नंबरवरच आदेश पाठवत बसतं. दोन्ही बाजू पुसल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तर दोन्ही इंजिनं रुळावर ठेवा, दोन्ही वीज घेत आहेत हे हॉर्न वाजवून बघा, आणि कन्सिस्टचं क्लिअर बटण वापरून जोडी मोडा. त्यानंतर प्रत्येक इंजिनाला प्रोग्राम ऑन मेनने, म्हणजे चालत्या रुळावरच अ‍ॅड्रेस देऊन, सीव्ही १९ मध्ये ० लिहा. पॉवर कॅबवर प्रोग-एस्क बटण एकदा दाबलं की हा पर्याय येतो. इंजिनाचा नंबर द्या, सीव्ही १९, किंमत ०. इथे एक धोका आहे. याच बटणाने पुढे गेल्यावर ‘यूज प्रोग्राम ट्रॅक’ येतं. पॉवर कॅबला वेगळा प्रोग्रामिंग ट्रॅक नसतो, मुख्य रूळच तो होतो. त्या मोडमध्ये अ‍ॅड्रेस न बघता रुळावरच्या प्रत्येक इंजिनात तीच किंमत लिहिली जाते. चार इंजिनं उभी असतील तर चारही एकाच अ‍ॅड्रेसची होतात. त्यामुळे प्रोग्राम ट्रॅक वापरायचाच असेल तर रुळावर एकच इंजिन.

सीव्ही ८ मध्ये ८ लिहून रीसेट करायचा मोह होतो. तो शेवटचा उपाय ठेवा: अ‍ॅड्रेस ३ वर येतो, वेगाची सगळी जुळवणी जाते, आणि रीसेटची किंमत सगळ्या कंपन्यांत ८ नसते.

आता ओढाताण. बहुतेक जण इथे कन्सिस्टच पुन्हा पुन्हा करत बसतात. कन्सिस्टचा यात दोष नसतो. न जुळलेल्या बैलांवर जू चढवलं तर जू बदलून काय होणार? दोन्ही इंजिनं वेगळी, मोकळी असताना जुळवायची.

आधी दिशा. प्रत्येक इंजिन एकटं चालवा. ‘पुढे’ दाबल्यावर ते मागे जात असेल तर ते सीव्ही २९ मध्ये १ मिळवून किंवा मोटरच्या तारा अदलून दुरुस्त करा. जोडीत पाठमोरं इंजिन लावायचं असेल तर मात्र सीव्ही २९ ला हात लावू नका. त्यासाठी सीव्ही १९ मध्ये जोडीच्या नंबरात १२८ मिळवले जातात आणि ते काम स्टेशन स्वतः करतं, फक्त विचारल्यावर दिशा बरोबर सांगायची. म्हणजे सीव्ही १९ वाचल्यावर २५५ दिसलं तर जोडी १२७, इंजिन उलटं. दोन्हीकडे उलटसुलट केलं की दिवे भलत्या टोकाला लागतात आणि गोंधळ सुटत नाही.

सीव्ही २९ उघडलाच आहात तर तो पूर्ण नीट करून घ्या. लांब (चार अंकी) अ‍ॅड्रेसचे ३२ आणि २८/१२८ स्पीड स्टेपचे, म्हणजे वेगाच्या पायऱ्यांचे २, यांची बेरीज ३४ होते. लांब अ‍ॅड्रेस दिल्यावर बऱ्याच डिकोडरांत ३८ दिसतं, कारण अ‍ॅनालॉग डीसीवर (जुन्या साध्या विजेच्या रुळावर) चालण्याची सोय चालू असते. ती बंदच ठेवा. वीज क्षणभर गडबडली तर एक इंजिन स्वतःला डीसी रुळावर समजून सुसाट सुटू शकतं, आणि जोडीत ते दुसऱ्यालाही फरफटत नेतं. वेग वाढवताना हेडलाइट लुकलुकत असेल तर डिकोडर १४ स्टेपवर राहिलाय. सीव्ही २९ मधले २ गायब आहेत.

वेग जुळवायला घड्याळ पुरेसं आहे. सपाट, सरळ रुळावर २ मीटरचा टप्पा खुणा करून घ्या. एचओमध्ये ६२७ ला सेकंदांनी भागलं की खऱ्या गाडीच्या मापात ताशी किलोमीटर मिळतात: १०.४ सेकंद म्हणजे ताशी ६०, २०.९ म्हणजे ३०. इंजिनं दोन्ही दिशांना दहा-पंधरा मिनिटं फिरवून गरम करा. थंड इंजिनाचे आकडे फसवतात. जे मंद असेल ते प्रमाण धरा. वेगवान इंजिनाला लगाम घालता येतो, मंद इंजिनाला पंख लावता येत नाहीत.

सीव्ही ३ आणि ४, म्हणजे वेग घेण्याची आणि कमी करण्याची गती, जुळवताना दोन्हीकडे ० ठेवा. किकस्टार्ट, म्हणजे निघताना मोटरला दिला जाणारा जादा धक्का, सीव्ही ६५, तोही ०. मग १२८ पैकी स्टेप १ वर दोन्ही इंजिनं जेमतेम सरकतील इतपत सीव्ही २, पूर्ण वेगावर सीव्ही ५, आणि मध्यावर, स्टेप ६४ ला, सीव्ही ६. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजायचं, दोन्ही दिशांना. सीव्ही २९ मध्ये १६ मिळवलेले असतील तर डिकोडर सीव्ही ६७ ते ९४ या २८ घरांचा वेगाचा तक्ता वापरतो आणि सीव्ही ६ बदलून काहीच फरक पडत नाही. काही नव्या साउंड डिकोडरांत तीन बिंदूंची सोयच नसते, तिथे तक्ताच भरावा लागतो. हे काम बटणांवर करणं म्हणजे शिक्षा आहे. संगणकाला जोडणी असेल तर जेएमआरआयचं डिकोडरप्रो हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. एकच इंजिन पुढे-मागे वेगळ्या वेगाने जात असेल तर सीव्ही ६६ (पुढे) आणि ९५ (मागे) बदला.

जुळलं का ते बघायला दोन्ही इंजिनं न जोडता एकाच रुळावर वीतभर अंतराने सोडा. एका फेरीत अंतर थोडं बदललं तर चालेल, कपलिंगची ढील ते गिळते. मागचं पुढच्याला धडकलं तर परत घड्याळ. काटेकोरपणा सर्वात जास्त हवा तो हळू वेगात, कारण डोळ्याला आणि डब्यांना धक्के तिथेच जाणवतात.

आकडे जुळूनही हळू वेगात झटके बसत असतील तर लोड कंट्रोल, म्हणजे भार बदलला तरी वेग टिकवणारी सोय तपासा. मोटरच्या उलट विद्युतदाबावरून डिकोडर चाकांचा वेग धरून ठेवतो. जोडीत दोघंही आपलाच आकडा खरा मानतात आणि एकमेकांशी भांडतात. मागच्या इंजिनात त्याचा जोर कमी करा किंवा बंद करा. ईएसयूच्या डिकोडरांत सीव्ही ४९ मधला सर्वात खालचा बिट, म्हणजे १ वजा केला की ते बंद होतं. इतरांत सीव्ही वेगळे, आपापल्या पुस्तिकेत बघा. बंद केल्यावर वेग पुन्हा मोजावा लागतो, हे बरेच जण विसरतात.

आणि साउंड डिकोडरचा तो प्रसिद्ध हट्ट: इंजिन सुरू व्हायचा आवाज संपल्याशिवाय काही डिकोडर चाक फिरवत नाहीत. दुसरं तोवर निघून गेलेलं असतं. नॉब फिरवण्याआधी दोघांचा आवाज सुरू करून आयडलवर येऊ द्या. एफ८ या फंक्शन बटणावर भिस्त ठेवू नका, ते कुठे आवाज सुरू करतं, कुठे बंद.

दोन इंजिनांच्या मधले दिवे सोपे आहेत. पॉवर कॅबवर जोडी पुढच्या इंजिनाच्या नंबराने बोलावली की फंक्शन त्या एकाच इंजिनाला जातात. ४०२५ चा दिवा जोडण्याआधी लावलेला असेल तर तो तसाच राहणार. ४०२५ बोलवा, एफ० (हेडलाइट) बंद करा, परत या. सीव्ही २१ आणि २२ लागतात ते जोडीच्या नंबरावर, म्हणजे १२७ वगैरेवर, फंक्शन चालवायची असतील तेव्हाच. पुढच्या इंजिनाला घंटा एफ१ आणि हॉर्न एफ२ यांसाठी सीव्ही २१ = ३, दिव्यासाठी सीव्ही २२ = १; मधल्या इंजिनांना दोन्ही ०. पाठमोऱ्या शेवटच्या इंजिनाला सीव्ही २२ मध्ये १ की २ हे टाकून बघूनच ठरवा, दिशेचा अर्थ सगळे डिकोडर सारखा लावत नाहीत.

एक इंजिन मध्येच अडखळून दुसऱ्याच्या गळ्यात पडत असेल तर सीव्हींचा संबंध नाही. टिश्यू पेपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करून रुळांवर आडवा टाका, एक बोगी त्यावर, दुसरी कोरड्या रुळावर, आणि चाकं जागेवर फिरू द्या. कागद काळा झाला की कारण दिसलंच. रिव्हर्स लूपमध्ये, म्हणजे गाडी वळून त्याच रुळावर परत येते त्या फासात शिरताना शॉर्ट होत असेल तर लूपचा अलग केलेला भाग तुमच्या गाडीपेक्षा आखूड आहे: पुढचं इंजिन एका टोकाला गॅप ओलांडतं, त्याच वेळी शेवटच्या डब्याची धातूची चाकं दुसऱ्या टोकाला.

दुसरं इंजिन गाडीच्या शेपटीला लावणार असाल, कर्जत-लोणावळा घाटात १:३७ च्या चढाला बँकर लागतात तसं, तर मागचं किंचित मंद ठेवा. ते वेगवान असेल तर वळणावर मधले हलके डबे वर उचलले जाऊन रुळाबाहेर पडतात. जड डबे पुढे लावा.