लिस्बन: १७५५ च्या आधीचं आणि नंतरचं

तीन दिवसांत लिस्बनमध्ये काय बघावं आणि या शहराचा इतिहास थोडक्यात काय, असं तुम्ही विचारलंय. माझं सांगणं एकच: कुठल्याही वास्तूसमोर उभे राहिलात की ती १७५५ च्या आधीची की नंतरची, हे आधी विचारा. लिस्बन त्यातूनच कळतं.

१ नोव्हेंबर १७५५ ला सर्व संतांचा सण होता. सकाळी चर्चं भरलेली असताना भूकंप झाला. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून तेजो नदीच्या काठाकडे पळाले, तर त्सुनामीच्या लाटा नदीतून आत शिरल्या. वेदीवरच्या मेणबत्त्या आणि घरातल्या चुली यांमुळे लागलेल्या आगी कित्येक दिवस धुमसत होत्या. नदीकाठचा राजवाडा ग्रंथालयासकट गेला. आज तिथे प्रासा दु कोमेर्सियु हा भव्य चौक आहे.

चौकाच्या कमानीतून आत गेलात की बायशा भाग लागतो. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती, सोनार, चांदीवाले, चांभार यांच्या नावांच्या गल्ल्या. बरेच जण इथे खरेदी करून निघून जातात. माझ्या मते ही युरोपातली फार मोलाची जागा आहे. मंत्री पोंबाल आणि त्यांच्या लष्करी इंजिनिअरांनी इथल्या भिंतींच्या आत लाकडाचा तिरक्या पट्ट्यांचा सांगाडा बसवला. जमीन हलली तर दगडमाती ढासळेल, पण घर उभं राहील असा हिशोब. पोंबालांनी गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावलीही पाठवली: धक्के किती, किती वेळ, नुकसान काय. भूकंपाकडे अशा पद्धतशीर चौकशीच्या नजरेनं बघणं तेव्हा नवीन होतं.

मग वर कार्मो मठात जा. छप्पर कोसळलेलं चर्च तसंच ठेवलंय, कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. बाहेरच्या चौकातही थांबा. २५ एप्रिल १९७४ ला इथल्याच लष्करी ठाण्यात पंतप्रधान काएतानु शरण आले आणि हुकूमशाही संपली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं. गोवा मुक्त होऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती!

बेलेंला अर्धा दिवस तरी द्या. हा भाग भूकंपातून बराचसा वाचला. जेरोनिमुश मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आणि त्याचा बराच खर्च पूर्वेच्या व्यापारावरच्या करातून भागला. म्हणजे दगडात कोरलेले ते दोरखंड आणि पोवळी आपल्या किनाऱ्यावरच्या मिऱ्यांच्या पैशातून आलीत, हे लक्षात ठेवून बघा. कोचीत वारलेल्या वास्को द गामाची कबर इथेच आहे. सोमवारी मठ बंद असतो.

जवळच्या बेलें बुरुजावर, एका छोट्या मनोऱ्याच्या खाली, गेंड्याचं झिजलेलं डोकं शोधा. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजानं १५१५ साली लिस्बनला पोचला. रोमन काळानंतर युरोपनं पाहिलेला तो पहिला जिवंत गेंडा. पोर्तुगालच्या राजानं तो पुढे पोपला भेट म्हणून धाडला आणि वाटेत जहाज बुडून बिचारा मेला. जर्मन चित्रकार ड्यूररनं त्याला न बघताच काढलेलं चित्र मात्र जगभर गेलं.

आल्फामा हा जुना भाग पायीच फिरा. मूरांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या काळातल्या वाकड्यातिकड्या गल्ल्या इथे टिकल्या आहेत. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोंसु एन्रिकेशनं मूरांकडून शहर जिंकलं, तो किल्ला याच टेकडीवर आहे. २८ नंबरची ट्राम हवीच असेल तर अगदी सकाळी पकडा. नंतर उभं राहायलाही जागा नसते आणि पाकीटमार असतात. फरशा गुळगुळीत आहेत, पकड असलेले बूट घाला.

आणि जमल्यास पहिल्याच दिवशी टाइल्सचं राष्ट्रीय संग्रहालय गाठा (उघडं आहे ना, ते आधी तपासा). तिथे १७०० च्या सुमाराचं, सुमारे २३ मीटर लांबीचं निळ्या-पांढऱ्या टाइल्समधलं लिस्बन आहे, भूकंपाआधीचं. त्यात नदीकाठचा तो राजवाडा शोधा, मग चौकात जा.