लांब पेरांची काठी घ्यावी का? आधी शेंड्याकडचे सांधे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मासे धरायला रीळ नसलेली, दोरी थेट शेंड्याला बांधायची साडेचार मीटरची काठी घ्यायची आहे. दोन पसंत पडल्यात. एक मिटली की ५० सेंटीमीटर होते, दुसरी सव्वा मीटर. हातात दुसरी हलकी वाटली, पण ती सायकलला बांधून न्यायची कशी हा पेच आहे. शिवाय हल्ली जो तो लांब तुकड्यांच्या काठ्यांचंच कौतुक करतो, ही विक्रीची टूम तर नाही ना, अशी शंका.

थोडी टूम आहेच. पण तिच्या मुळाशी साधी भूमिती आहे आणि ती एकदा कळली की जाहिरात वाचायची गरज उरत नाही. काठीच्या प्रत्येक तुकड्याला मी पेर म्हणतो. बांबूच्या काठ्यांपासून सुरुवात केलेल्या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघत नाही.

आधी हिशेब करू. एकात एक सरकणाऱ्या काठीत प्रत्येक सांध्यापाशी दोन पेरं एकमेकांवर चढलेली असतात. हा चढाव सरासरी ६ सेंटीमीटर धरा. ५० सेंटीमीटरच्या काठीत टोपण आणि बुडाची फिरकी (फिरवून काढायचं झाकण) वजा जाता पेर साधारण ४७ चं राहतं. त्या मापाने साडेचार मीटर गाठायला ११ पेरं लागतात, म्हणजे १० सांधे. सव्वा मीटरच्या काठीत पेर १२० सेंटीमीटरचं. तिथे ४ पेरांत, ३ सांध्यांत काम होतं. पहिल्या काठीत ६० सेंटीमीटर नळी दुहेरी आहे, दुसरीत फक्त १८. ही दुहेरी नळी मासा पकडायला काही मदत करत नाही, नुसती वजन वाहते. तुमच्या मनगटाला जो फरक जाणवला त्यातला बराचसा हाच.

आणि हे वजन कुठे आहे तेही पाहा. मुठीपासून ४ मीटरवरचा १ ग्रॅम काठी झटकताना १ मीटरवरच्या १६ ग्रॅमइतका जड पडतो, कारण अंतराचा वर्ग होतो. बुंध्याजवळ चार सांधे जास्त असले तर कुणाला कळणारही नाही. शेंड्याजवळचा एक जास्तीचा सांधा मात्र दिवसअखेर खांद्याला कळतो.

आता खरी गोम. वरच्या पेराचं जाड टोक खालच्या पेराच्या तोंडात आतून अडकतं, म्हणून खालच्या पेराचं तोंड बाहेरून वरच्या पेरापेक्षा नळीच्या दोन भिंतींएवढं जास्त जाड असावंच लागतं. भिंत अर्धा मिलिमीटर धरली तर प्रत्येक सांध्यावर जाडी एकदम १ मिलिमीटरने उडी मारते. नळीचा ताठपणा जाडीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतो. बुंध्याकडे १७ ची १८ झाली तर ताठपणा पाचव्या हिश्शानेही वाढत नाही. शेंड्याकडे ३ ची ४ झाली तर तो सव्वादोन पटीहून जास्त होतो! म्हणजे तिथे काठी लवता लवता अचानक अडते, मग पुन्हा लवते, पुन्हा अडते. आकाशाकडे धरून वाकवलेली अकरा पेरांची काठी पाहा. बाक कमानीसारखा गोल येत नाही, गुडघे दुमडल्यासारखा कोनाकोनांनी येतो.

रीळवाल्याला हे चालून जातं, मासा पळाला की तो दोरी सोडतो. आपल्याकडे सोडायला दोरीच नाही. माशाचा झटका पचवायला काठीचा बाक हीच एक गादी, आणि ती पायऱ्यापायऱ्यांची असली तर बारीक दोरी नेमकी त्या पायरीवर तुटते. मी बरेच दिवस दोष दोरीला देत होतो. गाठी बदलल्या, दोरी जाड केली, गळ लहान केला. मग एका मित्राची पाच पेरांची काठी दुपारभर वापरली, त्याच दोरीने, त्याच गाठीने. संध्याकाळी त्याला ती परत देताना जीवावर आलं होतं.

मग इतकी वर्षं लोकांनी आखूड पेरं का सहन केली? कारण पाण्यापर्यंत पोहोचायचं होतं. डोंगरी ओढ्यात दगडांवरून चढत मासेमारी करणाऱ्या जपानी लोकांनी आखूड पेरांची काठी फार वरच्या दर्जाला नेली. तिथे दोन्ही हात मोकळे लागतात, काठी पाठपिशवीत गेली पाहिजे. तेनकाराच्या, म्हणजे या डोंगरी, बिनरिळाच्या मासेमारीच्या, बऱ्याच काठ्या मिटल्यावर ५०-६० सेंटीमीटरच्या असतात त्या यामुळे. त्याच जपानात तळ्याकाठी बसून हेराबुना नावाचा मासा धरणारे मात्र जवळजवळ मीटरभराच्या पेरांच्या, एकावर एक खोचायच्या काठ्या वापरत आले. ते दिवसभर एका जागी बसतात. वाहायचं कमी, हाताची जाणीव जास्त. एकाच देशात, एकाच कारागिरीतून दोन वेगळी उत्तरं निघाली.

युरोपातल्या स्पर्धांमध्ये चालणारी सुटी-सुटी होणारी लांब काठी तिसऱ्या वाटेने गेली. फ्रान्सच्या उत्तरेतल्या रुबे या गावावरून तिला फ्रेंच लोक रुबेझियेन म्हणतात. १३ किंवा १६ मीटरची काठी, मासा लागला की मागे सरकवत आणायची आणि मधला सांधा सोडवून फक्त वरचा भाग हातात घ्यायचा. तिथे प्रत्येक जास्तीचा सांधा दर माशामागे वजन आणि डुलणं वाढवतो, म्हणून पेरं लांबत जाऊन दीड-पावणेदोन मीटरला भिडली. त्या माणसाकडे गाडी असते, बसायची पेटी असते. काठी मिटल्यावर केवढी, हा त्याचा प्रश्नच नाही. (जाता जाता: या काठ्या कार्बनच्या असतात आणि कार्बनमधून वीज वाहते. इतकी काठी उभी करताना वर तारा आहेत का ते पाहिल्याशिवाय हात वर करू नका. यात गंमत नाही, माणसं मेलेली आहेत.)

१९७० च्या दशकात कार्बनच्या काठ्या आल्या आणि लांब पेराचा मोठा शत्रू, म्हणजे वजन, ढिला पडला. काचतंतूचं लांब, जाड पेर हातात लोखंडी पाइपासारखं वाटायचं. कार्बनमध्ये तीच जाडी पातळ भिंतीत जमते. बनवणाऱ्यालाही लांब पेर एका अर्थी सोयीचं. कार्बनचं कापड पोलादी दांड्यावर गुंडाळून भट्टीत भाजतात, मग दांडा ओढून काढतात. प्रत्येक सांधा घासून, बसवून, तपासून घ्यावा लागतो. दहाऐवजी तीन बसवायचे तर मजुरी वाचते. उलट बाजूला लांब दांडा नीट सरळ ठेवणं आणि न चिरता काढणं अवघड, शिवाय लांब खोकी पाठवायचा खर्च. म्हणून लांब पेर म्हणजे महाग पेर किंवा लांब पेर म्हणजे स्वस्त पेर, यातलं काहीच डोळे झाकून मानू नका.

आता लांब पेराची उणी बाजू, जी दुकानात कुणी सांगत नाही.

काठी मिटताना मोडते. मासा ओढताना मोडलेल्या काठ्या मी मोजक्या पाहिल्यात, मिटताना मोडलेल्या पुष्कळ. त्यातली एक माझी. सव्वा मीटरचं वरून दुसरं पेर आत ढकलताना मी हात वरच्या टोकाशी धरला होता आणि घाई होती, ढग आले होते. पेर किंचित तिरकं झालं आणि सांध्याच्या ओठावर कच्चकन चिरलं. आखूड पेराला तिरकं व्हायला जागाच नसते. लांब पेर असेल तर सांध्यालगत चार बोटांवर धरा आणि थोडं थोडं आत घाला, एका दमात नको. आणि मोडलंच तर एक पेर म्हणजे पाव काठी गेली. सुटं पेर मिळतं का आणि केवढ्याला, हे काठी घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

दुसरं, झाडी. पाणवठ्यापर्यंत काटेरी पायवाट असेल तर सव्वा मीटरची मिटलेली काठीसुद्धा फांद्यांत अडकते. विमानाने जाणाऱ्यांसाठी तर हिशेब सरळच आहे: बऱ्याच कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटर धरतात.

तिसरं बारीक आहे. सांधे कमी म्हणजे प्रत्येकाला जास्त जपायला हवं. पेर लांब झालं की सांध्याचा चढावही वाढायला हवा. काही बनवणारे वजन वाचवायला तो आखूडच ठेवतात. अशी काठी नवी असताना झकास, वर्षभराने खुळखुळते. सांध्यात वाळू शिरली की झीज आणखी भरभर होते. घरी आलं की बुडाची फिरकी काढा, पेरं सुटी करून पुसा, वाळवून मगच एकात एक घाला.

दुकानात काय बघायचं? काठी पूर्ण उघडा, आडवी धरा आणि शेंडा किती खाली झुकतो ते पाहा. मग मुठीवर हलकी थाप द्या. शेंडा दोन-तीन हेलकाव्यांत शांत झाला तर ठीक, थरथरत राहिला तर पुढे जास्त वजन आहे. मग कुणाला तरी शेंडा धरायला सांगून हळू वाकवा आणि बाजूने बाक पाहा. शेवटी वरची अर्धी काठी, म्हणजे तुमच्या बाबतीत वरचे सव्वादोन मीटर, एवढ्यातलेच सांधे मोजा. खालच्या अर्ध्यात किती आहेत याने मी तरी झोप घालवत नाही.

हे मोजलंत की लक्षात येईल, ५० आणि १२५ च्या मध्ये बरीच जागा आहे. मिटल्यावर ९०-१०० सेंटीमीटरच्या काठीत साडेचार मीटरला पाच-सहा पेरं होतात. वरच्या अर्ध्यात दोन, फार तर तीन सांधे. सव्वा मीटरवालीपासून ती फार लांब नाही. ५० वालीत तिथेच पाच-सहा सांधे येतात, आणि खिशात मावणाऱ्या त्या इवल्या काठ्यांचं तर विचारूच नका. त्यांचीही हवा सध्या जोरात आहे, म्हणजे सगळं जग एकाच दिशेने चाललंय असं अजिबात नाही.

तुम्ही सायकलने जाता, शेवटचा भाग चालत, आणि एका जागी तास-दोन तास बसता असं लिहिलंय. मी तुमच्या जागी दोन्ही सोडून हे मधलं माप शोधलं असतं. मीटरभराची काठी सायकलच्या आडव्या दांडीला समांतर बांधता येते, दोन जागी, कापड गुंडाळून. टोपणाचं तोंड मागे ठेवा. पुढे ठेवलंत तर पहिल्याच खड्ड्यात टोपण उडतं आणि पेरं रस्त्यावर सांडतात. तीही गोळा केली आहेत मी.