चकचकीत पत्र्याखाली काय आहे ते आधी बघा

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मिशिगनला कँटनमध्ये राहतो. पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून आईबाबा येणार आहेत, त्यांना यलोस्टोन दाखवायचंय, पण बाबांना रोज नवीन मोटेलमध्ये बॅगा उघडायचा कंटाळा येतो म्हणून जुना ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं डोक्यात आलंय. दोन तासांवर 1973 ची 27 फुटी एअरस्ट्रीम ओव्हरलँडर आहे, 9,500 डॉलर सांगतोय, आतून पूर्ण रिनोव्हेट केलीय, नवीन व्हिनाइल फ्लोर, पांढरी कपाटं, फोटोत खूपच सुंदर दिसते. आमच्याकडे हायलँडर गाडी आहे, टो रेटिंग (जास्तीत जास्त ओढता येणारं वजन) 5,000 पाउंड. शनिवारी बघायला जातोय. काय काय तपासू?

उत्तर: तुमचं पत्र वाचून आधी आनंद झाला आणि "नवीन व्हिनाइल फ्लोर" वाचून लगेच धस्स झालं, कारण माझा पहिला ट्रेलर मी अशाच नव्या फ्लोरवर भाळून घेतला होता. विकणारा म्हणाला सगळं नवीन केलंय, मी विश्वास ठेवला, आणि दुसऱ्याच ट्रिपला बेडच्या कोपऱ्यात पाय ठेवला तर तो खाली गेला. व्हिनाइल उचकटून बघितलं तर खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. दोन उन्हाळे त्यात गेले, मुलं तोवर वाट बघून बघून थकली. तुमच्या बाबांची ट्रिप अशी वाया जाऊ नये, म्हणून जरा लांब लिहितेय.

एअरस्ट्रीमचा बाहेरचा अ‍ॅल्युमिनियम सहसा मरत नाही, त्यामुळे चकाकीकडे बघून काहीच कळत नाही. खाली स्टीलची फ्रेम, तिच्यावर प्लायवूडचा फ्लोर, आणि वरचं सगळं कवच त्या प्लायवूडच्या कडेतून फ्रेमला बोल्ट केलेलं असतं. म्हणजे फ्लोरची कड कुजली की फक्त फ्लोर जात नाही, कवच आणि फ्रेम यांची पकडच सुटते. सत्तरच्या दशकातल्या लांब मॉडेल्समध्ये मागच्या बाजूला हे फार होतं, बऱ्याच लेआउटमध्ये बाथरूम मागे असायची, तिचं वजन तिथेच, आणि मागच्या बंपरपाशी पाणी शिरून कड नेमकी तिथेच कुजते. टेस्ट सोपी आहे. मुलाला किंवा मित्राला मागच्या बंपरवर उभं करा, हळूहळू वरखाली व्हायला सांगा, आणि तुम्ही खाली बसून बंपर आणि कवच यांच्यामधली फट बघा. बंपर हलतोय आणि कवच जागेवरच राहतंय असं दिसलं तर पकड सुटलीय. मग तो ट्रेलर रिनोव्हेट केलेला नाही, फक्त सजवलेला आहे.

आत गेलात की मधल्या रस्त्यावर चालून समाधान मानू नका, मधला भाग शेवटी कुजतो. दाराजवळ, खिडक्यांखाली, चारही कोपऱ्यांत, सिंकखालच्या आणि बेडखालच्या कपाटात हात घालून, टॉर्च लावून, बारीक टोच्याने प्लायवूड टोचून बघा. चांगल्या लाकडात टोच्या अडतो, कुजलेल्यात लोण्यासारखा जातो. विकणारा टोचू देत नसेल तर तेही उत्तरच समजा. कुठे उंदराच्या मुताचा उग्र वास आला तर खालच्या बेली पॅनमध्ये (फ्लोरखालच्या पत्र्याच्या तळात) आणि भिंतींत भरलेल्या फायबरग्लासमध्ये घरटी असणार, आणि ते काढायचं म्हणजे आतली भिंत उघडायची.

जमलं तर पाऊस पडून गेल्यावर जा. नाहीतर तिथलाच होज घेऊन खिडक्यांवर, रूफच्या व्हेंटभोवती, खालून वर जात निवांत दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि आत एक जण हात फिरवत राहू दे. सांध्यांवर सिलिकॉन थापलेलं दिसलं तर वाईट वाटून घ्या, कारण त्याच्यावर पुढे दुसरं काही नीट चिकटत नाही, सगळं खरवडून काढावं लागतं.

आता अ‍ॅक्सल. चाकं ज्याच्यावर बसतात तो हा खालचा दांडा नवीन लोक बघतच नाहीत! एअरस्ट्रीमला 1961 पासून टॉर्शन अ‍ॅक्सल यायला लागले, आत रबराचे दांडे असतात आणि तेच स्प्रिंगचं काम करतात. रबर वयाने कडक होतं, आणि ट्रेलर वर्षानुवर्षं उभा असेल तर आणखी लवकर. ट्रेलर चाकांवर उभा असताना खाली वाकून बघा, अ‍ॅक्सलच्या ट्यूबपासून चाकाकडे जो हात जातो तो थोडा खाली झुकलेला हवा. आडवा सरळ झाला असेल किंवा चाकाकडे वर चढत असेल तर अ‍ॅक्सल संपला, दुरुस्ती नाही, बदलायचाच. आणि संपलेल्या अ‍ॅक्सलवर फिरवलं तर प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ कवचाला बसतो, रिव्हेट सुटतात, आतली कपाटंसुद्धा भिंतीपासून निघतात. तुमच्या ट्रेलरला दोन अ‍ॅक्सल असणार. पन्नास वर्षांचे मूळ अ‍ॅक्सल असतील तर ते गेलेत असंच धरून चला आणि दोघांचा खर्च, बसवण्यासकट, किमतीतून कमी करून मागा. नवे आजही बनवून मिळतात, ती काळजी नको. टायरवर DOT अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा, 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. खाच कितीही खोल दिसली तरी सहा वर्षांवरचे टायर मी हायवेवर नेणार नाही.

विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगा की वीज, पाणी आणि प्रोपेन जोडून ठेव, सगळं चालू करून बघणार आहे. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमधून अमोनियाचा वास येत असेल किंवा मागे पिवळी पावडर दिसली तर तो फ्रिज गेला. प्रोपेनच्या टाकीला तिकोनी नॉब नसेल तर ती भरून मिळणार नाही. जुना मूळ कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा डबा) चालत असला तरी काढून टाका, तो बॅटऱ्या उकळवून मारतो. आणि जुना हीटर जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय आईबाबांना रात्री आत झोपवू नका. ह्यात तडजोड करू नका, प्लीज.

आता तुम्ही विचारलं नाहीत ते. तुमच्या हायलँडरने हा ट्रेलर ओढू नका. 27 फुटी एअरस्ट्रीममध्ये पाणी (एक गॅलन म्हणजे 8.3 पाउंड), गॅस, भांडी, अंथरुणं, डाळतांदूळ भरले की ती 5,000 च्या वर सहज जाते. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवरून, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवरून, गाडीवर येतो आणि तुम्ही चार-पाच माणसं त्याच गाडीत. वायोमिंगमधल्या घाटात उतरताना ब्रेक तापले की रेटिंगचा अर्थ कळतो. एकतर मोठी गाडी, नाहीतर लहान ट्रेलर. मला विचाराल तर 17-18 फुटी शोधा, चौघांना थोडी दाटी होईल, बाहेर तंबू लावून तुम्ही दोघं झोपा.

आणि हाच ट्रेलर मनात भरला असेल, पकड शाबूत असेल, तरी पुढच्या उन्हाळ्याचं वचन बाबांना देऊ नका. त्या ट्रिपला केबिन बुक करा.

प्रश्न: न्यू जर्सीत 1962 चा छोटा शास्ता ट्रेलर मिळतोय, मागे ते शोभेचे पंख असलेली, नुकतीच रंगवलेली. एअरस्ट्रीमचेच नियम लावायचे का? आणि विकणाऱ्याकडे टायटल (मालकीचा सरकारी कागद) नाही, फक्त बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) देतो म्हणतोय.

उत्तर: पाण्याचा नियम तोच, पण शास्ता वेगळी. तिच्या पातळ पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते, म्हणजे कुजली की भिंतच कुजते. ताजा रंग बघून खूश होऊ नका, तो कशावर मारलाय ते शोधा. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत पत्रा अंगठ्याने दाबा, मऊ लागला तर आतलं लाकूड गेलंय. आतल्या पॅनेलवर चहाच्या डागासारख्या रेघा आहेत का, तेही बघा. चौकट स्वतः बदलता येते, लाकूडकाम येत असेल तर हे एअरस्ट्रीमपेक्षा सोपं आणि स्वस्त काम आहे. फक्त किंमत त्या हिशोबाने द्या.

टायटलचं म्हणाल तर पैसे द्यायच्या आधी ट्रेलरवरचा सिरियल नंबर फोटो काढून तुमच्या राज्याच्या मोटर व्हेइकल ऑफिसला विचारा, जुन्या हलक्या ट्रेलरला प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. नंबर कागदावरच्या नंबराशी जुळत नसेल, किंवा प्लेट उखडलेली असेल, तर कितीही गोड वाटली तरी सोडून द्या.