फ्रान्समध्ये १७८९ साली राजेशाहीविरुद्ध क्रांती होण्याची मूळ कारणे कोणती?
भूक हे कारण सर्वश्रुत आहे. १७८८ च्या जुलैमधील गारपिटीने पिके झोडपली आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये पाव कमालीचा महागला. परंतु माझ्या मते खरे दुखणे राजाच्या तिजोरीत होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला केलेल्या मदतीने कर्ज इतके फुगले की महसुलाचा सुमारे निम्मा भाग त्यातच जाई, आणि धर्मगुरू व सरदार यांना अनेक करांतून सूट असल्याने मुख्य भार शेतकऱ्यांवर पडे. करसुधारणांचे प्रयत्न विशेषाधिकारी वर्गांनी हाणून पाडले, तेव्हा सोळाव्या लुईला १६१४ नंतर प्रथमच इस्टेट्स जनरल ही प्रतिनिधिसभा बोलवावी लागली. तेथे मतदान माणशी की वर्गनिहाय, या वादातून तिसऱ्या वर्गाने, म्हणजे धर्मगुरू व सरदार सोडून उरलेल्या सामान्य जनतेच्या प्रतिनिधींनी, १७ जून १७८९ रोजी स्वतःलाच राष्ट्रीय सभा घोषित केले.