सर्फर व्हायचंय? आधी दम कमव
पावसाळ्यात जुहूला लाटा दिसल्या म्हणून बोर्ड घेऊन उतरू नकोस. अक्सालाही नाही; तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते. आधी शिवाजी पार्कच्या जलतरण तलावात दम वाढव. घरी पालथं पडून, तळवे बरगड्यांशी टेकवून एका झटक्यात उभं राहायचा सराव कर. गुडघा टेकवू नकोस, ती सवय सुटता सुटत नाही. पैसे साठले की बोर्ड विकत न घेता कर्नाटकातल्या मुल्कीला किंवा महाबलीपुरमला शिकायला जा. स्पर्धेत लाटेला १० पैकी गुण असतात आणि सर्वोत्तम दोनच लाटांचे गुण धरतात, म्हणून कुठली लाट सोडायची हे कळणं फार मोलाचं. अमेरिकी सर्फर केली स्लेटरचं पहिलं जगज्जेतेपद १९९२चं, अकरावं २०११चं, घाई कसली? घरच्यांना मात्र आत्ताच स्पष्ट सांग: प्रायोजक मिळेपर्यंत खर्च आपलाच.